होडी मोजा, माणूस नको : कॅटमरान शर्यतींच्या नियमांबाबत शर्यत समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
शर्यत समिती

स.न.वि.वि.

यंदाच्या हंगामापासून आपण हॉबी-१६ या एकाच घडणीच्या कॅटमरान होड्यांचा वेगळा स्टार्ट बंद केलात आणि दोन हलांच्या (हल म्हणजे होडीचे पाण्यात तरंगणारे अंग) झाडून सगळ्या होड्या, म्हणजेच कॅटमरान किंवा कॅट, ‘खुला कॅटमरान गट’ या नावाखाली एकाच हॉर्नला सोडायला सुरुवात केलीत. प्रत्येक होडीला एकेक हँडिकॅप आकडा दिला गेला. लागलेल्या वेळेला त्याने भागून शंभराने गुणले की ‘दुरुस्त वेळ’ मिळते आणि क्रम तिच्यावर लागतो; म्हणजे मंद होडीचा आकडा मोठा. फॉर्म्युला-१८ या वेगवान जातीला १००, हॉबी-१६ ला ११५, बाकीच्यांना मधले काहीतरी. हा निर्णय आम्हाला पहिल्या शर्यतीच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळला. आकडे कोणी काढले, कशावरून काढले, यावर त्यात एक ओळ नव्हती. पुढे हंगाम चालू असतानाच ते आकडे पुन्हा बदलले. तोंडी विचारले तेव्हा ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ असे सांगण्यात आले. लेखी विचारले त्याला उत्तरच आले नाही. तेव्हा आता सगळ्यांसमोर विचारतो.

आधी माझा यात काय संबंध ते सांगतो, म्हणजे मी कुठल्या बाजूने बोलतो आहे हे वाचणाऱ्याला कळेल. माझी होडी जुनी हॉबी-१६ आहे. शिडे आणि ट्रॅम्पोलिन (दोन हलांमधले ताणलेले कापड) बदलले, हल मूळचेच. सुकाणू माझ्याकडे असते, ट्रॅपीझवर, म्हणजे तारेला लटकून होडीबाहेर तोल सांभाळायला, माझी मुलगी. आमच्या कपाटात चषकांची गर्दी नाही आणि या पत्राने ती होईल अशी आशाही नाही. पण मुंबई बंदरात कॅटवर शर्यत करणारी माणसे मुळात थोडी. त्यातली निम्मी या हंगामात दुपारी उतरायचीच बंद झाली आहेत. ‘निकाल किनाऱ्यावर बसून ठरणार असेल तर पाण्यात जायचे कशाला’, हे वाक्य मी बोटशेडमध्ये एकापेक्षा जास्त तोंडांतून ऐकले आहे.

वेगवेगळ्या घडणीच्या होड्यांची शर्यत न्याय्य कशी करायची, हा प्रश्न काही आपल्यालाच पहिल्यांदा पडलेला नाही. जगाने त्यावर काढलेले मार्ग थोडेच आहेत. पहिला म्हणजे सगळ्यांची होडी एकच. हॉबी आल्टर यांनी कॅलिफोर्नियात घडवलेली हॉबी-१६ याच मार्गाची. साधारण पाच मीटर लांबी, १४५ किलोच्या आसपास वजन, वीस चौरस मीटरच्या आसपास शीड, डॅगरबोर्ड (होडी आडवी सरकू नये म्हणून हलातून पाण्यात उतरवायची फळी) नाहीच. आजवर अशा एक लाखाहून जास्त होड्या पाण्यात उतरल्या. एक दुसरीसारखीच असल्याने हरलेल्याला होडीकडे बोट दाखवता येत नाही. दुसरा मार्ग चौकटीचा, म्हणजे फॉर्म्युला-१८ चा. लांबी ५.५२ मीटरच्या आत, रुंदी २.६० मीटरच्या आत, वजन १८० किलोच्या खाली नाही, शिडांची मापे ठरलेली, डोलकाठी ॲल्युमिनियमचीच. या चौकटीत कोणत्याही कारखान्याने हवी तशी होडी बनवावी. तिसरा मार्ग मोजमापाचा. होडी मोजायची, सूत्रात घालायची, येईल तो आकडा घ्यायचा. चौथा निकालांचा. कुठल्या जातीची होडी प्रत्यक्षात किती वेगाने जाते ते पाहून आकडा ठरवायचा.

चारही मार्ग प्रामाणिक आहेत. आपण मात्र चारही एकत्र कालवून प्रत्येकातला नेमका गैरसोयीचा भाग उचललात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट आधी. आपल्या ताफ्यात माझगावच्या दोन तरुणांची एक हॉबी-१६ आहे. ही मुले पहाटे मतलई वाऱ्यात सराव करतात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यात शर्यत करतात. ओहोटीला पाणी कुठे आधी फिरते हे त्यांना पाठ आहे. ती ओळीने जिंकू लागली तेव्हा आपण त्यांच्या होडीचा आकडा ११५ वरून ११२ केलात. माझा ११५ च राहिला. आता, त्यांची होडी आणि माझी होडी एकाच साच्यातल्या आहेत. शिडे एकाच मापाची आहेत. मग हे तीन अंक कशाचे? ते त्यांच्या पहाटेच्या सरावाचे आहेत. ९२ मिनिटांत शर्यत पुरी केली तर ११५ च्या आकड्याने दुरुस्त वेळ बरोबर ८० मिनिटे येते. ११२ ने ती ८२ मिनिटांच्या वर जाते. चांगले नौकानयन केल्याबद्दल दर शर्यतीला दोन मिनिटांचा दंड!

कुस्तीच्या मैदानात पैलवानाला आधी काट्यावर उभे करतात आणि मग गट ठरवतात. कुस्ती मारल्यावर त्याचा गट बदलल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

यावर समितीतल्या एका सदस्यांनी मला ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ यार्डस्टिक या हँडिकॅप पद्धतीचा दाखला दिला. तिथेही आकडे निकालांवरूनच ठरतात ना, असा त्यांचा मुद्दा. ठरतात, बरोबर आहे. पण तिथे अनेक क्लबांचे निकाल एकत्र करून आकडा काढतात आणि तो होडीच्या जातीला असतो, अमक्यातमक्याच्या होडीला नसतो. दहा-अकरा होड्यांच्या ताफ्यात, चार शर्यतींच्या निकालांवरून जो आकडा निघतो तो होडीचा नसतो, तो ती चालवणाऱ्याचा असतो. वैयक्तिक हँडिकॅप ठेवून मजेची एखादी शर्यत जरूर ठेवा, नवख्यांना हुरूप येईल. मीही उतरेन. पण हंगामाचा चषक त्यावर देऊ नका, आणि दिलात तर चषकावर तसे कोरा.

दुसरी तक्रार अशी की एकही होडी कोणी मोजलेली नाही. ताफ्यातल्या एका हॉबी-१६ ला पुढे दांडा काढून जेनेकर (वाऱ्याबरोबर जाताना लावायचे मोठे फुगीर शीड) बसवला आहे. सुंदर दिसतो, चालतोही छान, आणि तो बसवणाऱ्याने हौसेने खर्च केला आहे. त्यात काहीच चूक नाही. पण तिचा आकडाही ११५! एका फॉर्म्युला-१८ वर दुसऱ्याच होडीचे मोठे मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, चढवले आहे, हे ताफ्यात सर्वांना माहीत आहे. तिचा आकडा १००. वर्गनियमाबाहेरचे शीड चढले की ती फॉर्म्युला-१८ राहिली नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

मोजणे अवघड नाही. नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटाभोवती १९७८ पासून कॅटमरानांची सुमारे शंभर किलोमीटरची शर्यत होते. तिथे शेकडो वेगवेगळ्या होड्या एकत्र येतात. त्या गरजेतून टेक्सेलचे सूत्र आले. ढोबळमानाने सांगायचे तर लांबीचा ०.३ वा घात आणि शिडाच्या क्षेत्रफळाचा ०.४ वा घात यांचा गुणाकार करायचा, आणि माणसांसकट एकूण वजनाच्या ०.३२५ व्या घाताने त्याला भागायचे. उत्तर जितके मोठे तितकी होडी वेगवान. लहान कॅटमरानांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरतात ती एस.सी.एच.आर.एस. पद्धतही याच विचारावर उभी आहे. घातांक पाहून घाबरायचे कारण नाही, मोबाइलवर होते. शीड दहा टक्क्यांनी वाढवले तर होडी सूत्राप्रमाणे जेमतेम चार टक्के वेगवान ठरते. एकूण वजन दहा टक्क्यांनी वाढले तर तीन टक्के मंद. म्हणजे तासाभराच्या शर्यतीत दोन-अडीच मिनिटांचा प्रश्न आहे. आपल्या गटात पहिला आणि चौथा यांच्यात बहुतेक वेळा याहून कमी अंतर असते. त्यामुळे ‘एवढ्यातेवढ्याने काय होते’ हे उत्तर मी स्वीकारू शकत नाही.

सूत्र परिपूर्ण आहे असे मी म्हणत नाही. ते हलक्या वाऱ्यात एकाला झुकते माप देईल, जोरदार वाऱ्यात दुसऱ्याला. पण त्याला कोणाचे नाव माहीत नसते, आणि ते शर्यतीच्या आधी बोलते.

आता क्रूच्या वजनाचे. इथे मी माझ्याच फायद्याविरुद्ध लिहितो आहे. हॉबी-१६ च्या वर्गनियमात दोघांचे मिळून किमान १२९ किलो वजन लागते. कमी भरले तर तेवढे वजन बरोबर न्यायचे. फॉर्म्युला-१८ मध्ये हलक्या जोडीने लहान जीब (पुढचे शीड) आणि लहान जेनेकर वापरायचा, शिवाय शिसे न्यायचे. आपण ‘कटकट नको’ म्हणून हे सगळे काढून टाकलेत. त्यामुळे मार्चमधल्या मंद दुपारी मी आणि माझी मुलगी भारी जोड्यांच्या पुढे सहज निघून जातो, आणि वारा चढला की त्याच जोड्या आम्हाला चिरडून पुढे जातात. दोन्ही निकालांत अर्थ नाही. किमान वजन परत आणा. शिशाच्या पिशव्या आम्ही वाहू.

चौथी गोष्ट वेळमर्यादेची. वरून तांत्रिक वाटते, पण सर्वांत जास्त नुकसान हिनेच केले आहे. नियम असा : पहिली होडी आल्यावर दहा मिनिटांत जी येणार नाही ती बाद. हा नियम एकाच जातीच्या होड्यांसाठी ठीक होता. आता हिशेब करून पाहा. फॉर्म्युला-१८ ने ८० मिनिटांत शर्यत संपवली. आपल्याच आकड्याप्रमाणे हॉबी-१६ ने तिची बरोबरी करायची तर ती ९२ व्या मिनिटाला आली पाहिजे. पण ९० व्या मिनिटाला आपण बंद केलेले असते! म्हणजे जी होडी दुरुस्त वेळेवर बरोबरीत आली असती, ती निकालपत्रावर ‘शर्यत अपूर्ण’ म्हणून जाते. हे एकदा नाही, वारंवार झाले आहे. यात वाईट हेतू आहे असे मला मुळीच वाटत नाही. जुना नियम नव्या गटाला तसाच चिकटवला आणि कोणी बेरीज करून पाहिली नाही, एवढेच.

त्यात आपले बंदर. उधाणाला इथे पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. दोन नॉटचा प्रवाह ही काही विशेष बाब नाही. ज्यांनी आकडे ठरवले त्यांनी प्रवाहाचा विचार केलेला दिसत नाही. समजा एक होडी आठ नॉटने जाते आणि दुसरी सातने. स्थिर पाण्यात तीन सागरी मैल जाऊन तीन सागरी मैल परत यायला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पहिलीला ४५ मिनिटे लागतील, दुसरीला साधारण साडेएक्कावन्न. म्हणजे फरक साडेसहा मिनिटांचा. आता दोन नॉटच्या प्रवाहाविरुद्ध जाऊन प्रवाहाबरोबर परत या. पहिलीला ४८ मिनिटे, दुसरीला ५६. फरक आठ मिनिटांवर गेला. जाताना जेवढा विरोध तेवढीच येताना मदत, तरी मंद होडीचेच जास्त जाते, कारण विरोधात ती जास्त वेळ राहते. कुठल्याही एका आकड्याने हे पूर्ण भरून निघणार नाही. पण भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवशी लांब कोर्स आणि उधाणाला आखूड कोर्स, प्रवाहाला आडवा, एवढे तर करता येईल. बंदरातल्या संक रॉककडे प्रवाहाच्या तोंडावर बॉय (वळायची तरंगती खूण) टाकून वर दहा मिनिटांची मर्यादा लावायची, मग हॉबीवाल्यांनी घरीच राहिलेले बरे.

कोर्सच्या आकाराबद्दलही एक ओळ. दर वेळी थेट वाऱ्याविरुद्ध आणि थेट वाऱ्याबरोबर असाच कोर्स लावला तर डॅगरबोर्ड नसलेली, जेनेकर नसलेली होडी दोन्ही बाजूंनी मार खाते. अधूनमधून त्रिकोणी कोर्स लावावा.

आता मुख्य काळजी, जी अजून घडलेली नाही. एका सभासदाने पुढच्या हंगामात फॉइलवाली, म्हणजे पाण्याखालच्या पंखांसारख्या पात्यांवर पाण्यावर उचलली जाणारी कॅट आणायची परवानगी विचारली. उत्तर दिले गेले, ‘नियमात मनाई नाही, म्हणजे चालेल.’ हे उत्तर ज्यांनी दिले त्यांनी आपल्याच खेळाचा इतिहास थोडा चाळावा, ही विनंती.

१८७६ साली नॅथनेल हेरेशॉफ यांनी न्यूयॉर्कच्या शतकमहोत्सवी रेगाटात (नौकाशर्यतींत) ‘अमॅरिलिस’ नावाची दोन हलांची होडी उतरवली. तिने तिथल्या एका हलाच्या होड्यांना मागे टाकले. मग तक्रारी झाल्या आणि तिला बाद केले. आधी उतरू दिले, जिंकल्यावर काढले. यात दोष होडीचा नव्हता, नियम न लिहिणाऱ्यांचा होता. १९८८ साली सॅन दिएगोत अमेरिका कप या नौकाशर्यतीच्या चषकासाठी न्यूझीलंडने नव्वद फूट जलरेषेची प्रचंड एकहली नौका आणली आणि डेनिस कॉनर यांनी तिच्यासमोर साठ फुटांची कॅटमरान उभी केली. कपाचे नियम ज्यावर आधारलेले आहेत त्या दानपत्रात किती हल असावेत याबद्दल शब्दही नव्हता. पाण्यावरची लढत दोन शर्यतींत संपली. कोर्टातली १९९० पर्यंत चालली. एका न्यायाधीशांनी कप न्यूझीलंडला दिला, वरच्या न्यायालयाने तो फिरवला, आणि न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने शेवटी कप अमेरिकन क्लबकडेच ठेवला. कागदात मनाई नाही, आणि खिलाडूपणा होता की नाही हे ठरवणे कोर्टाचे काम नाही, असा त्या निकालाचा आशय होता. मग ते काम कोणाचे? नियम लिहिणाऱ्यांचे, आणि तेही आधी.

तिसरे उदाहरण आपल्या मापाच्या होडीचे आहे. ए-क्लास ही एकट्याने चालवायची कॅट. ५.४९ मीटर लांब, २.३० मीटर रुंद, कमीत कमी ७५ किलो, शीड १३.९४ चौरस मीटर. नियमपुस्तक इतके छोटे की त्याचे कौतुक व्हायचे. होड्या उडू नयेत म्हणून २००९ च्या सुमारास या वर्गाने डॅगरबोर्डांवर अटी घातल्या : ते हलात वरूनच घालता आले पाहिजेत आणि मध्यरेषेपासून अमुक अंतरावर असले पाहिजेत. आराखडा करणाऱ्यांनी त्याच अटींत बसणारे वाकडे बोर्ड बनवले आणि होड्या उडाल्याच. शेवटी वर्गाने वास्तव मान्य केले. उडणाऱ्यांचा खुला विभाग आणि न उडणाऱ्यांचा क्लासिक विभाग वेगळा केला. दोन्हीकडे आज लोक आनंदाने शर्यत करतात. ही शहाणीव आपल्याला आयती मिळते आहे.

मी फॉइलच्या विरोधात नाही. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेली नाक्रा-१७ ही कॅट टोकियोपासून फॉइलवर चालते. माझी मुलगी तिच्या चित्रफिती पाहतच मोठी झाली. पण उडणारी होडी आणि हॉबी-१६ यांना एका आकड्याने जोडता येत नाही. वारा पुरेसा नसेल तर फॉइल हे नुसते ओझे, पुरेसा झाला की वेग एकदम उडी घेतो. शिवाय आपल्या पाण्यात मांडव्याच्या फेऱ्या, घारापुरीच्या लाँच, कोळ्यांची जाळी आणि नांगरलेल्या बोटी यांच्यामधून कोर्स जातो. पाण्याखाली धारदार पाते घेऊन सुसाट येणाऱ्या होडीला तिथे स्वतंत्र वेळ आणि स्वतंत्र जागा लागेल. हे आत्ताच ठरवा. होडी बंदरात आल्यावर ठरवाल तर ते त्या सभासदावरही अन्यायाचे होईल.

शेवटची तक्रार थोडक्यात मांडतो. आकडे ठरवणाऱ्या उपसमितीतल्या बहुतेकांच्या स्वतःच्या कॅट याच गटात उतरतात. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. त्यातल्या दोघांनी मला ट्रॅपीझवर उभे राहायला शिकवले. पण ज्याची होडी मैदानात आहे त्याने आकड्यांवर मत देऊ नये, हे त्यांच्याही भल्याचे आहे. जिंकले की लोक कुजबुजतात, आणि ती कुजबुज त्यांना ऐकू येत नाही, मला येते.

आपली अडचणही मला माहीत आहे. होड्या कमी, स्वयंसेवक कमी, रेस्क्यू बोटीचा डिझेलचा खर्च वाढलेला. म्हणून मी दहा स्टार्ट मागत नाही. मागण्या अशा :

हंगामाच्या मध्यात केलेले सगळे आकडेबदल रद्द करा आणि आजवरच्या शर्यतींचे निकाल सुरुवातीला जाहीर केलेल्या आकड्यांनी पुन्हा लावा. ज्या होड्या दहा मिनिटांच्या मर्यादेमुळे बाद झाल्या आणि ज्यांची शेवटची वेळ नोंदलेली आहे, त्यांना निकालात परत घ्या. शर्यतीच्या सूचनापत्रात बदल करायचा तर पुरेशी पूर्वसूचना द्यावी लागते, हे जागतिक नियमपुस्तकातल्या ८९.२ मध्ये लिहिलेले आहे. आदल्या रात्रीचा व्हॉट्सॲप संदेश त्यात बसत नाही.

पाच किंवा अधिक हॉबी-१६ उतरत असतील तेव्हा त्यांचा निकाल वेगळा लावा, वर्गनियमांसकट आणि आकड्याविना. स्टार्ट पाच मिनिटांच्या अंतराने दिला तर रेस्क्यू बोट तीच पुरते.

बाकी सर्व कॅट मोजमापावर आधारित एकाच प्रसिद्ध पद्धतीने लावा. टेक्सेल घ्या की एस.सी.एच.आर.एस., मला दोन्ही चालतील, फक्त एकच घ्या. जेनेकर लावलेली हॉबी तिच्या खऱ्या मापाने येऊ दे. आकडा हंगामभर बदलायचा नाही. काही चुकले असेल तर फेरविचार पावसाळ्यात करा, होड्या वर काढलेल्या असताना.

हंगामापूर्वी एक दिवस मोजणीचा ठेवा, सर्व सभासदांसमोर. होडीचे वजन, शिडांची मापे, क्रूचे वजन कागदावर लिहून सूचनाफलकावर लावा. लटकता इलेक्ट्रॉनिक काटा भाड्याने मिळतो, भाडे आम्ही हॉबीवाले वर्गणी काढून देऊ.

वेळमर्यादा दुरुस्त वेळेवर काढा. फॉइलवाल्या होड्यांसाठी स्वतंत्र विभाग आणि स्वतंत्र सुरक्षा नियम लिहा, आणि ते लिहून होईपर्यंत परवानगी थांबवा. आकडे आणि तक्रारी यांचा निर्णय ज्यांची होडी त्या गटात नाही अशा तिघांकडे द्या. आपल्या क्लबात सीबर्ड आणि लेझर या एकहली होड्या चालवणारे, कॅटशी देणेघेणे नसलेले अनुभवी लोक पुष्कळ आहेत.

या पत्रावर लेखी उत्तर पुढच्या शर्यतीच्या आधी मिळावे आणि ते सूचनाफलकावर लागावे. वार्षिक सभेत हा विषय घेण्यासाठी लागणाऱ्या सह्या जमवणे सुरू केले आहे. तोपर्यंत मी आणि मुलगी नेहमीप्रमाणे स्टार्टला असू. मात्र ‘खुल्या गटा’च्या प्रत्येक निकालावर मुदतीत लेखी आक्षेप नोंदवू, आणि तो आमचा क्रमांक वर आला असेल तेव्हाही नोंदवू.

कळावे,
आपला विश्वासू,
एक हॉबी-१६ धारक सभासद, मुंबई